गॉड मोड आणि द्यूत : गीता १०.३६



विभूतियोग वाचताना आपण पिंपळ, हिमालय, गंगा अशा ओळखीच्या नावांना मान डोलावत पुढे जातो आणि ३६व्या श्लोकापाशी येऊन अडखळतो. भगवंत म्हणतात, फसवणाऱ्यांमध्ये मी द्यूत आहे. त्याच श्लोकात पुढे तेज आहे, विजय आहे, निश्चय आहे, सत्त्व आहे. आणि त्यांच्या पंगतीला जुगार?

ज्ञानेश्वर महाराजांनी यावर फार थोडं लिहिलंय, पण नेमकं लिहिलंय. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की द्यूतामुळे भर चौकात उघड चोरी होते आणि तरी ती कोणाला अडवता येत नाही. म्हणजे चोर दिसतो, मुद्देमाल दिसतो, साक्षीदार शंभर, पण तक्रार करायला जागा नाही. कारण ज्याचं गेलं तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता आणि स्वतःच्या हाताने पैसे लावून बसला होता.

आपल्या ग्रुपवर एकाने या श्लोकावरून विचारलं होतं, "दादा, शकुनीच्या हातात फासे होते. ऑनलाइन पोकरमध्ये पत्ते सॉफ्टवेअर पिसतं, तेही सर्टिफाइड. आणि पोकर तर स्किलचा खेळ. मग यात फसवणूक कुठून येणार?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि माझ्या धंद्यातला आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी पिसण्याचं बघू. ५२ पत्ते एकूण किती प्रकारे लागू शकतात? ती संख्या ६८ अंकी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या काही सॉफ्टवेअर सुरक्षा अभ्यासकांनी एक पोकर प्रोग्राम तपासला. कंपनीने "बघा, आमचं पिसणं किती निष्पक्ष आहे" हे दाखवण्यासाठी आपला कोडच जाहीर केला होता! तो वाचल्यावर कळलं की पिसण्याची सुरुवात संगणकाच्या घड्याळावरून होते, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून. दिवसात मिलिसेकंद किती? ८ कोटी ६४ लाख. म्हणजे ६८ अंकी संख्येतून आपण थेट इथे उतरलो. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की साधारण दोन लाख शक्यता उरतात. टेक्सास होल्डेममध्ये आपली दोन पानं आणि टेबलावर उघडलेली पहिली तीन दिसली की साध्या संगणकावर सगळ्यांचे हात समोर येतात. त्यांनी तसा प्रोग्राम लिहून दाखवला. हेतू लुटण्याचा नव्हता, दाखवून देण्याचा होता.

हा झाला बग, आणि बग दुरुस्त होतो. खरी गोष्ट यापुढची आहे.

२००७ मध्ये 'अ‍ॅब्सोल्यूट पोकर' या साइटवर १,००० डॉलर प्रवेश फी असलेली एक स्पर्धा झाली. 'पॉटरिपर' नावाचं खातं जिंकलं. शेवटच्या डावात त्याच्याकडे साधी जोडीही नव्हती, सगळ्यात मोठं पान दश्शी. समोरच्याने होतं नव्हतं ते सगळं लावलेलं, आणि हा बिनधास्त 'कॉल' करतो. समोरच्याकडे त्याहून हलकी पानं निघाली. असं धाडस माणूस एकदा करतो, रोज करत नाही. हरलेल्या खेळाडूने डावांची नोंद मागितली, तेव्हा कंपनीकडून त्याला एक भलीमोठी एक्सेल फाइल आली. तिच्यात सगळ्यांची झाकलेली पानं, कोण टेबल बघत होतं, कुठल्या आयपीवरून, सगळं होतं. खेळाडूंनीच ती पिंजून काढली. एक निरीक्षक खातं स्पर्धा सुरू झाल्यावर लगेच त्या टेबलावर आलं होतं आणि मग पॉटरिपरसोबतच फिरत राहिलं. ते खातं कंपनीच्या आतलं होतं आणि त्याला सगळ्यांची पानं दिसत होती. बघणारा एक, खेळणारा दुसरा.

त्याच घराण्यातली दुसरी साइट 'अल्टिमेटबेट'. तिथे हा प्रकार काही वर्षं चालू होता. कॅनडातल्या काहनावाके गेमिंग कमिशनने या साइट्सना परवाने दिले होते. अ‍ॅब्सोल्यूट पोकरला त्यांनी ५ लाख डॉलर दंड केला. अल्टिमेटबेटच्या प्रकरणात मुख्य जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांनी रस हॅमिल्टन यांचं नाव जाहीर केलं. हे कोण? १९९४ च्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरचे विजेते. त्या वर्षी स्पर्धेचं पंचविसावं वर्ष होतं, म्हणून विजेत्याला दहा लाख डॉलर आणि वर त्याच्या वजनाइतकी चांदी दिली गेली. चक्क रौप्यतुला! (तुळशीच्या एका पानाने तराजू झुकवणारी रुक्मिणी आठवली की नाही?) ज्याला जगाने चांदीने तोललं, त्याच्याबद्दल आयोगाला हे लिहावं लागलं. खेळाडूंना सुमारे २ कोटी २० लाख डॉलर परत द्यावे लागले.

लक्षात घ्या, पिसणं दोन्हीकडे ठीक होतं. सर्टिफिकेट पत्त्यांचं असतं, पाहणाऱ्या डोळ्यांचं नसतं.

सगळ्यांची पानं दाखवणाऱ्या त्या सोयीला पोकरवाले 'गॉड मोड' म्हणतात. हा शब्द वाचून मी बराच वेळ थांबलो. देवाबद्दल आपण काय म्हणतो? तो सगळं पाहतो. इथवर बरोबर. पण गीता त्याला तेराव्या अध्यायात उपद्रष्टा म्हणते, म्हणजे जवळ बसून पाहणारा. नवव्या अध्यायात साक्षी म्हणते, आणि तिथेच तो सगळ्यांना सम आहे, त्याला कोणी नावडता नाही असंही सांगते. म्हणजे ज्याला सगळ्यांची पानं दिसतात त्याचा पैसा टेबलावर नाही. म्हणूनच ते दिसणं पवित्र आहे. तीच नजर आणि शिवाय आपला एक डाव, ही जोडी जमली की जे तयार होतं त्याला 'गॉड' म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे.

आता आपल्यापैकी कितीजण आयटीत आहेत? कोणाकडे बँकेच्या प्रॉडक्शन डेटाबेसचा अ‍ॅक्सेस असतो, कोणाकडे पगाराच्या सिस्टीमचा, कोणी हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळतं. घरी मावशी सहज म्हणते, "अगं, पोरगा त्याच बँकेत खातं ठेवून आहे, पोहे खायला यायच्या आधी जरा बघून सांग ना." तिच्या मनात पाप नसतं, भाचीची काळजी असते. पण तिथे आपलं माणूस एका बाजूला बसलेलं आहे, म्हणजे टेबलावर आपला डाव लागला. दुसऱ्याची पानं बघायची सोय हातात असणं आणि आपलाही डाव असणं, एवढंच अल्टिमेटबेटला पुरलं होतं.

राहिला स्किलचा मुद्दा. सभापर्व काढून वाचा, हा युक्तिवाद शकुनीच करतो! युधिष्ठिर त्याला म्हणतो, कपटाने जिंकण्यात क्षत्रियाचा पराक्रम नाही. शकुनीचं उत्तर साधारण असं: जाणता अजाणत्यावर मात करतो, बलवान दुर्बलावर मात करतो, त्याला कोणी कपट म्हणत नाही. आणि भीती वाटत असेल तर खेळू नकोस. गंमत म्हणजे व्यास फाशांची युक्ती कुठेच उलगडत नाहीत. शकुनीने कपटाचा आश्रय घेतला आणि "जिंकलं" म्हणाला, एवढंच पुन्हापुन्हा येतं. बापाच्या हाडांचे फासे वगैरे नंतरच्या लोककथा.

मग दुर्योधन सांगतो, पण मी लावीन, खेळेल मामा. इथे युधिष्ठिर हरकत घेतो, एकाने दुसऱ्यासाठी खेळणं मला न्याय्य वाटत नाही. आणि पुढच्याच श्वासात, ठीक आहे, सुरू करा. दोष दिसला, बोलून दाखवला आणि तरी बसला. मला वाटतं ज्ञानोबांची न अडवता येणारी चोरी इथे सुरू होते, फासे पडायच्या आधी.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात स्किल की नशीब हा भेदच ठेवला नाही. कायद्याचं काय व्हायचं ते होईल. पण प्रश्न विचारणाऱ्या मित्राला एक गोष्ट सांगायची आहे. ते २ कोटी २० लाख डॉलर फसवल्या गेलेल्यांना मिळाले. त्याच टेबलांवर जे नियमाने हरले, ज्यांना पोकरच्या भाषेत 'फिश' म्हणतात आणि ज्यांची वाट बघत मुरलेले खेळाडू बसलेले असतात, त्यांना काही नाही. नियमाने ते बरोबरच आहे. श्लोकात मात्र भगवंतांनी वाईट द्यूत आणि चांगलं द्यूत अशी विभागणी केलेली नाही. फसवणाऱ्यांच्या यादीत त्यांनी अख्खा खेळच घातला आहे.

उद्या १०.३७. त्यात पांडवांपैकी कोणाचं नाव घेतलंय ते आधीच वाचून या. धर्मराजाचं नाही.