पेटी आधी, सिगार नंतर

टॅम्पा, फ्लोरिडा

चि. अनिकेत यास,


तुझा निरोप आणि फोटो मिळाले. तुझ्या साहेबांनी निवृत्त होताना जपून ठेवलेली सिगारची चार खोकी तुझ्या हवाली केली, ती तू गॅरेजातल्या फळीवर ठेवलीस आणि आता मला विचारतोस, मामा, यांचं काय करू? पत्र पुढे वाचण्याआधी एक काम कर. ती खोकी घरात आण, प्रत्येक खोकं जाड झिपच्या पिशवीत घालून बंद कर आणि आतल्या खोलीच्या कपाटात तळाला ठेव. फिनिक्सला बाहेर ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस होतं, तेव्हा बंद गॅरेजात त्याहून जास्त असतं. तिथे त्यांचा एकेक दिवस वाया जातो आहे. पिशवीत काही दिवस त्यांना काही होत नाही, आणि तेवढ्यात तुझी पेटी तयार होईल.

तू लिहिलं आहेस की सिगारची ओल राखणारा लाकडी डबा, म्हणजे ह्युमिडॉर, महाग आहे, त्यापेक्षा सहलीला नेतात तसला बर्फाचा कूलर घेऊ का. जरूर घे. माझं स्पष्ट मत आहे की तुझ्या गावी तोच बरा. स्वस्तातला लाकडी डबा दिसायला देखणा असतो, पण त्याच्या सांध्यांतून ओल निघून जाते आणि तिथल्या कोरड्या हवेत तो तुला दर चार दिवसांनी कामाला लावेल. कूलरच्या दुहेरी भिंतींत फोम भरलेला असतो. त्यातून ना उष्णता झटकन आत शिरते, ना ओल बाहेर पडते. वाइनसाठीचे विजेवर चालणारे छोटे कूलरही लोक वापरतात. कॉम्प्रेसरचा तर घेऊच नकोस, त्याच्या थंड नळ्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि आतली हवा कोरडी पडत राहते. पेल्टियर तत्त्वावरचा चालतो, पण त्यातही थंड पट्टीवर थेंब धरतात, पाणी जायचं छिद्र बुजवावं लागतं. तुझं घर वातानुकूलित आहे, तुला त्याची गरज नाही.

ओलीची एवढी काळजी का, ते सांगतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी तुझ्या आईला चांगल्या आठवतात, तिला विचार. आमच्याकडे विडीची तंबाखू रानातच उन्हात वाळायची. वाळलेलं पान भर दुपारी उचललं तर हातात चुरा येतो, म्हणून ते पहाटे, दहिवराने मऊ पडलेलं असताना गोळा करायचं. तंबाखूचं पान वाळलं तरी हवेशी त्याची देवघेव थांबत नाही. हवा ओली असेल तर ते ओल घेतं, कोरडी असेल तर देऊन टाकतं. सिगार म्हणजे वेगवेगळ्या जाडीची तीन तऱ्हेची पानं एकावर एक वळलेली, आणि सगळ्यांत पातळ ते बाहेरचं. कोरड्या हवेत आधी तेच तडकतं. ओल फार झाली तर आतली पानं फुगतात आणि बाहेरचं उसवतं. मग ती सिगार धड ओढली जात नाही की सरळ जळत नाही.

हे कारखानदारांनाही ठाऊक होतं. व्हिसेंते मार्तिनेज इबोर याने १८८५ मध्ये की वेस्ट सोडून टॅम्पाला लागून जमीन घेतली आणि पुढे तिथे इबोर सिटी वसली. बंदर होतं, नुकतीच रेल्वे आली होती, पण इथली दमट हवा पानाला मानवते हेही त्याच्या हिशेबात होतं. त्या विटांच्या कारखान्यांत क्यूबन, स्पॅनिश आणि सिसिलीहून आलेली माणसं ओळीने बसून पान वळायची आणि उंच ओट्यावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्रं नि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. १९३१ मध्ये मालकांनी वाचन बंद पाडलं, त्यावरून संप झाला. या इमारतींवरून जाताना मला निपाणीच्या वखारीत पाल्याच्या धुरळ्यात दिवस काढणाऱ्या बायका आठवतात. तुझ्या खोक्यातली प्रत्येक सिगार अशाच कुणाच्या तरी हातांनी वळलेली आहे. ती हलगर्जीपणाने वाळून जाऊ देऊ नये, एवढ्यासाठी हे लांबलचक लिहितो आहे.

आता कूलर. मासे, मटण, बिअर वाहिलेला जुना कूलर कितीही घासला तरी घेऊ नकोस. प्लॅस्टिकमध्ये वास मुरतो आणि तंबाखू तो ओढून घेते. नवा घे, पंचेचाळीस-पन्नास लिटरचा पुरे, त्यात तुझी चार खोकी बसून आणखी तेवढ्यांना जागा राहील. दुकानातच झाकण उघडून वास घे. झाकणात कागदाची पट्टी धरून बंद कर आणि ओढून बघ, चारी बाजूंना ती थोडी अडली पाहिजे. घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च पेटवून झाकण लाव. कुठे उजेडाची रेघ दिसली तर तिथे खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी चिकटव. अगदी हवाबंद नसला तरी चालेल.

धुण्यात घाई करू नकोस. सगळ्या कामाचा पाया हाच आहे. कोमट पाण्यात बिनवासाचा भांड्यांचा साबण अगदी थोडा घे आणि मऊ फडक्याने आतून धू. तारेची घासणी लावू नको, तिचे ओरखडे पडतात आणि त्यात वास नि मळ धरून राहतो. तळाचं पाणी काढायचं बूच पूर्ण काढून वेगळं धू. त्याची वाट, झाकणाची खाच आणि बिजागरी या जागा लोक विसरतात आणि बुरशी पुढे नेमकी तिथेच धरते. नंतर खाण्याच्या सोड्याचा पातळ लेप सगळ्या भिंतींना लाव, तासभर ठेव आणि भरपूर पाण्याने धुऊन टाक. ब्लीच नको, लिंबाच्या किंवा पाइनच्या वासाचं काही नको. मग झाकण उघडं टाकून दोन-तीन दिवस अंगणात उन्हात ठेव. फिनिक्सचं ऊन या एका कामाला उत्तम. ऊन खाऊन झालं की आत वाटीभर ॲक्टिव्हेटेड चारकोल ठेवून झाकण लाव आणि दोन दिवस बंद ठेव.

त्यानंतर चारकोल काढून पेटी रात्रभर रिकामी बंद ठेव. सकाळी चहाच्या आधी, नाक ताजं असताना, झाकण उघडून आत डोकं घाल. प्लॅस्टिकचा पुसटसाही वास आला तर पुन्हा सोडा, पुन्हा ऊन, पुन्हा चारकोल. काही पेट्यांना दोन फेऱ्या लागतात, काहींना जास्त. एकही खोकं आत ठेवण्याआधी या परीक्षेत पेटी उतरलीच पाहिजे.

ती कुठे ठेवायची तेही ऐक. स्वयंपाकघराला लागून नाही, तिथे रोज हिंगाची नि लसणाची फोडणी असते. देवघराजवळ नाही, उदबत्ती आणि कापूर दोन्ही तंबाखूत उतरतात. बाहेरच्या भिंतीला लागून नाही, खिडकीखाली नाही. पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट योग्य. तिथे वर्षभर ६५ ते ७० फॅरनहाइट, म्हणजे १८ ते २१ सेल्सिअस राहिलं तर छान, उन्हाळ्यात दोन-तीन अंश चढलं तर घाबरू नको. आणि कपाटाला कुलूप लाव. तुझी लेक आता चालायला लागली आहे, आणि पोटात गेलेली तंबाखू लहान मुलाला विषच आहे.

पेटीत लाकूड हवं, कारण प्लॅस्टिक ओल धरून ठेवत नाही आणि लाकूड ती घेऊन सावकाश परत देतं. सिगारच्या पेट्यांना वापरतात ते स्पॅनिश सीडार, म्हणजे सेड्रेला ओडोराटा. हे झाड आपल्या कडुनिंबाच्याच कुळातलं आहे. सिगारच्या दुकानात या लाकडाची रिकामी खोकी चार-पाच डॉलरला मिळतात, ती आणून त्यांची झाकणं तळाला अंथर. लाकडाच्या वखारीत सीडार मागितलंस तर लाल सीडार हातात देतील. ते घेऊ नको. त्याच्या तेलाचा वास उग्र असतो आणि सगळा माल बिघडतो. खोकी पाण्यात भिजवूही नको, लाकूड वाकतं.

ओलाव्यासाठी बोव्हेडा कंपनीची मिठाच्या द्रावणाची पाकिटं मिळतात. ती हवेत ओल कमी असली तर सोडतात, जास्त झाली तर परत घेतात. ६५ टक्क्यांची घे, साठ ग्रॅमची सहा पाकिटं सुरुवातीला पुरेत. दुकानदार ७२ ची देईल, पुष्कळ लोक ७० च्या आसपास ठेवतात, पण बंद कूलरमध्ये मला ६५ च बरं वाटतं. सिगार नीट जळते आणि बुरशीपासून अंतर राहतं. पाकीट कडक लागायला लागलं की बदल. काहीजण सिलिकाचे बिनवासाचे खडे जाळीच्या पिशवीत घालून वापरतात. ते कोरडे असताना पांढरे आणि ओले झाले की काचेसारखे दिसतात. स्वस्त पडतात, पण पाण्याचा अंदाज तुला करावा लागतो. तू पाकिटंच घे. पुढे कधी पाणी वापरायची वेळ आली तर डिस्टिल्ड वॉटरच वापर, नळाच्या पाण्यातले क्षार साचत जातात.

आर्द्रतामापक दोन घे, एक तळाला आणि एक वर. त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवू नको. बाटलीच्या बुचात साधं मीठ घे, ते नुसतं ओलं होईल इतके थेंब पाणी टाक, विरघळू देऊ नको. ते बूच आणि दोन्ही मापक एका झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेव. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा निसर्गाचा नियम आहे. सकाळी एक मापक ७१ दाखवत असेल तर त्याच्यावर चिठ्ठी लाव, चार मिळवायचे. असं केलं नाहीस तर तू सिगार नाही, मापकाची चूक सांभाळत बसशील.

आधी पेटीत फक्त लाकूड आणि पाकिटं ठेव. तीन-चार दिवसांनी आकडा स्थिर झाला की मग खोकी. त्याआधी त्यांना फ्रीझरमधून काढायचं आहे, कारण इतके दिवस गरम गॅरेजात होती. तंबाखूचा किडा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्न, तुझ्या ओळखीचाच आहे. सांगलीच्या हळकुंडांना भोकं पाडतो तोच. त्याची अंडी पानात असतात आणि उष्णतेत फुटतात. झिपच्या दुहेरी पिशवीत खोकं घालून फ्रीझरमध्ये, उणे १८ सेल्सिअसला, चार दिवस ठेव. मग एक दिवस फ्रिजमध्ये, मग एक दिवस खोलीत, आणि तोवर पिशवी उघडायची नाही. थंड सिगार एकदम मोकळ्या हवेत काढली तर तिच्यावर पाणी जमतं. टाचणीच्या टोकाएवढं भोक असलेली सिगार सापडली तर ती फेक आणि त्या खोक्यातली एकेक तपास.

यानंतर सगळ्यांत कठीण गोष्ट, ती म्हणजे हात न लावणं. तू लहानपणी कुंडीतलं बी उगवलं का ते बघायला रोज उकरायचास, तसं इथे करू नको. पहिले पंधरा दिवस आकडे ६२ ते ६८ मध्ये फिरतील. सिगार फार वाळल्या असतील तर ओल आत पोहोचायला महिना-दोन महिने लागतात. आकडा ६३ दिसला म्हणून पाणी शिंपडणं आणि ६७ दिसला म्हणून झाकण उघडं टाकणं, यानेच जास्त सिगार बिघडतात. आकडा दोन-तीन टक्के इकडे-तिकडे असला तर चालतं, सतत हेलकावे खाल्लेले पानाला सोसत नाहीत. पंधरवड्यातून एकदा झाकण पाच मिनिटं उघड, खालची खोकी वर घे, वरची खाली. हवा बदलते तेवढं पुरे.

वर्षातून दोनदा पेटी रिकामी करून पूस, एकदा तुमच्याकडचा जुलैचा पावसाळी दमटपणा सुरू होण्याआधी आणि एकदा थंडीत. फडकं डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळलेलं असावं, साबण नको. तंबाखूची धूळ कोपऱ्यांतून काढ, बिजागरी आणि बूच बघ. कुठे पांढरी किंवा हिरवट-निळी लव दिसली तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पेटी पूर्ण वाळेपर्यंत उघडी ठेव. सिगारवरची पांढरी लव चांगली, जुन्या मालाची खूण, असं कुणी म्हणालं तरी लव ती बुरशीच समज. जळणाऱ्या टोकातून आत गेलेली दिसली तर सिगार टाकून दे.

आणि पान सांभाळायला शिकवतो म्हणजे ओढायला सांगतो असं समजू नकोस. धूर छातीत घेतला नाही म्हणून सिगार निरुपद्रवी होत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांचे कर्करोग तिने होतात, आणि एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. पेटी नीट लावली की या सिगार कितीतरी वर्षं टिकतात, संपवायची घाई करावी लागत नाही. साहेब भेटायला आले की एक काढ, त्यांच्या हातात दे. स्वतः घेतलीस तर क्वचित, बाहेर, लेकीपासून लांब.

मिठाच्या परीक्षेत दोन्ही मापकांनी काय दाखवलं ते मला कळव, आणि पेटीत खोकी ठेवण्याआधी फोन कर. सेलोफेनबद्दल विचारलं होतंस. ते राहू दे, त्यातून ओल जाते-येते आणि बाहेरचं पान हाताळताना जपलं जातं. अक्काला आणि सूनबाईला नमस्कार सांग, छकुलीला पापा.

तुझा,
मामा