लंबू आणि टिंगू : दोन यंत्रमानवांची जोडी

बालमित्रांनो, औताला बैल जुंपताना शेतकरी सारखी जोडी बघतो. एक उंच आणि एक ठेंगणा असला की जू तिरपं होतं, नांगर नीट चालत नाही. पण काही कामांना विजोड जोडीच लागते, बरं का! ती कशी, ते एका विज्ञानपटातल्या दोन यंत्रमानवांवरून पाहू.

चित्रपटाचे नाव 'स्टार वॉर्स'. जॉर्ज लुकास या अमेरिकन दिग्दर्शकाचा हा चित्रपट १९७७ साली आला. त्यात सी-थ्रीपीओ आणि आर-टू-डी-टू असे दोन यंत्रमानव आहेत. नावे अवघड आहेत, म्हणून आपण त्यांना लंबू आणि टिंगू म्हणू.

लंबू माणसाच्या आकाराचा, अंगाने सोनेरी. त्याला साठ लाखांहून जास्त भाषा येतात. तो बोलतो फार आणि घाबरतोही फार. टिंगू म्हणजे पाय फुटलेलं निळं-पांढरं पिंपच! त्याला एकही शब्द बोलता येत नाही. नुसत्या शिट्ट्या आणि टूं-टूं. पण लंबूला ते सगळं कळतं.

लंबूच्या पोशाखात अँथनी डॅनियल्स हे नट होते. टिंगूच्या आत बऱ्याच प्रसंगांत ३ फूट ८ इंच उंचीचे केनी बेकर बसत. टिंगूचा आवाज बेन बर्ट या ध्वनितज्ज्ञांनी तयार केला. त्यांनी स्वतः तान्ह्या बाळासारखे आवाज काढून ते यंत्राच्या आवाजात मिसळले. म्हणून टिंगू रुसला की खूश झाला, हे शब्दांवाचूनही समजते. या जोडीची कल्पना लुकास यांना जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ सालच्या चित्रपटातील दोन भांडकुदळ शेतकऱ्यांवरून सुचली.

आता गोष्ट ऐका. शत्रूच्या अजस्र अंतराळ-किल्ल्याचे नकाशे एक राजकन्या टिंगूच्या पोटात लपवते. सगळ्यांचे प्राण त्या नकाशांवर अवलंबून. म्हणजे साठ लाख भाषा येणाऱ्या लंबूला कामाचा पत्ता नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्याजवळ खरा निरोप! वाळवंटात दोघे भांडतात आणि वेगळे होतात. मग भंगारवाले दोघांनाही पकडून एका शेतकऱ्याकडे विकायला आणतात. शेतकरी लंबूला घेतो आणि टिंगूला सोडून दुसराच यंत्रमानव निवडतो. तो लगेच बिघडतो. तेव्हा लंबू पुढे होऊन सांगतो, की हा निळा चांगला आहे, त्याला घ्या. तो एक शब्द बोलला म्हणून टिंगू वाचला आणि निरोप पोचला. शेवटच्या लढाईत टिंगूची मोडतोड होते, तेव्हा हाच कुरकुऱ्या लंबू आपले सुटे भाग द्यायला तयार होतो.

याच चित्रपटात एका खानावळीचा माणूस दोघांना दारातूनच बाहेर काढतो. यंत्रमानवांना आत मज्जाव! 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. वेठबिगार म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. राबवून घ्यायचं, पण दारात उभं करायचं नाही, हे दुःख पडद्यावरचंच नाही.

अशी एक खरी जोडी आपल्या देशानेही चंद्रावर पाठवली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर उतरला. त्याचे वजन १७०० किलोहून जास्त. त्याच्या पोटातून प्रज्ञान ही सहा चाकांची, २६ किलोची गाडी बाहेर आली. विक्रम प्रज्ञानसारखा फिरू शकत नव्हता. प्रज्ञान १०० मीटरहून अधिक फिरला, त्याला मातीत गंधक सापडले. पण त्याचा आवाज पृथ्वीपर्यंत पोचत नव्हता. तो फक्त विक्रमशी बोले आणि विक्रम ते आपल्याला कळवी. दोघांतला एक नसता तर काम अडलंच असतं.

आता आपल्या वर्गाकडे या. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून कातकरी आणि ठाकर मुले शाळेत येतात. घरची बोली वेगळी, पुस्तकाची वेगळी. नवीन आलेलं मूल गप्प बसतं आणि आपण म्हणतो, 'ह्याला काही येत नाही.' पण रानातली कोणती भाजी खायची, खेकडा कुठल्या बिळात असतो, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याच्याजवळही निरोप आहे. त्याला हवा आहे तो भाषा समजणारा एक सोबती. पालकहो, आपल्या मुलाला असा सोबती व्हायला सांगा. आणि ज्यांचं मूल गप्प आहे त्यांनी धीर सोडू नये. गप्प मूल ढ नसतं.

सांगा पाहू :
१. नकाशे कोणाजवळ होते? ते लंबूजवळ का दिले नसावेत?
२. प्रज्ञान पृथ्वीशी कसा बोले?
३. 'रोबोटा' या शब्दाचा अर्थ काय?

करून पाहा : वर्गातल्या एका मित्राच्या घरच्या बोलीतले पाच शब्द शिका. ते त्याच्याच हाताने फळ्यावर लिहून घ्या.