बोरं, जांभळं आणि इन्सुलिनचा फीडबॅक लूप

संक्रांतीच्या सुमारास बोरीहून हॉस्टेलला परतणाऱ्या मुलाच्या पिशवीत काय असतं? बांधावरची बोरं! अर्धी वाटेतच संपतात, उरलेल्यांवर रूममेट तुटून पडतात. या ‘टाईमपास’ बोरांमागे चक्क कंट्रोल सिस्टिमचं गणित आहे.

रक्तातली साखर हे आऊटपुट, स्वादुपिंड हा कंट्रोलर आणि इन्सुलिन हा त्याचा सिग्नल. स्नायू आणि यकृत हा सिग्नल नीट ऐकेनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. गंमत म्हणजे आऊटपुट बरीच वर्षं नॉर्मल दिसतं. उपाशीपोटी साखर ९० आणि इन्सुलिन ९ असेल, तर गुणाकार भागिले ४०५, म्हणजे निर्देशांक २. साखर ९०च, पण इन्सुलिन १८ असेल तर ४! नुसती साखर तपासली तर दोघेही पास.

‘मी तर काडीपैलवान, मला काय होतंय?’ असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! पोटातली चरबी नुसती बसून राहत नाही. ती दाह वाढवणारी रसायनं सोडते आणि त्यांनी इन्सुलिनच्या सिग्नलमध्ये ‘नॉईज’ येतो.

आता फळांकडे वळू. २०१० साली अमेरिकेत ३२ लठ्ठ, इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना सहा आठवडे रोज ४५ ग्रॅम ब्लूबेरीची पावडर दिली. त्यांची इन्सुलिन संवेदनशीलता दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारली. दाहाचे निर्देशक मात्र बदलले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

ब्लूबेरी आपल्या बजेटबाहेरची. पण तिला निळा रंग देणारी अँथोसायनिन्स आपल्या जांभळातही आहेत. (वनस्पतिशास्त्रात जांभूळ खरी बेरी, स्ट्रॉबेरी नाही. बोरही नाही, ते आंब्याच्या जातकुळीतलं, आठळीचं फळ.) बोरात रंग कमी, पण तंतू आणि ‘क’ जीवनसत्त्व भरपूर. रात्री अकराच्या चहा-बिस्किटाच्या जागी मूठभर बोरं आली तर साखर आणि मैदा आपोआप कमी होतो. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे. मीठ-तिखट लावून खा, पण साखर घातलेला ज्यूस नको.

एक मात्र घरी फोन करून जरूर सांगा. जांभळाच्या बियांची पावडर सुरू केली म्हणून डायबेटिसच्या गोळ्या बंद करणारे गावोगावी भेटतात. बोरं, जांभळं जेवणाच्या खात्यात, गोळ्या डॉक्टरांच्या. आणि पावडर घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण दोन्ही मिळून साखर फार खाली गेली तर भोवळ येते.