गुड फ्रायडेची सुट्टी आणि शाळेचे वेळापत्रक

शाळा कोणत्या दिवशी बंद ठेवावी, हा प्रश्न सकृद्दर्शनी मुख्याध्यापकाच्या अखत्यारीतला वाटतो. अमेरिकेत मात्र तो अनेकदा न्यायासनापुढे गेला आहे, आणि त्याचे कारण त्या देशाच्या राज्यघटनेत सापडते. १७९१ मध्ये अमलात आलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने शासनाला दोन बंधने घातली : शासनाने कोणत्याही धर्माची प्रस्थापना करू नये, आणि कोणाच्या धर्माचरणात अडथळाही आणू नये. करदात्यांच्या पैशावर चालणारी सार्वजनिक शाळा हे शासनाचेच अंग होय. तेव्हा एखाद्या धर्माच्या पवित्र दिवशी शाळेने दार लावून घेतले, तर ती त्या धर्माची पाठराखण ठरते काय? आणि दार उघडे ठेवले, तर भाविकांच्या आचरणात विघ्न येते काय?

आपल्याकडील वाचकास या पेचाचे थोडे नवल वाटेल. केंद्र सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत बुद्ध पौर्णिमा, महावीर जयंती, ईद, गुड फ्रायडे आणि गुरू नानक जयंती शेजारी शेजारी नांदतात. प्रत्येकाला वाटा देणे ही आपली समानतेची कल्पना. कोणालाच वाटा न देणे ही अमेरिकन घटनेची, निदान कागदावर तरी.

व्यवहारात मात्र तेथेही रविवार हाच विश्रांतीचा वार होता. रविवारी दुकाने बंद ठेवण्याचे कायदे १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने ते उचलून धरले. या कायद्यांचा उगम ख्रिस्ती आचारात असला, तरी कालौघात रविवार हा सर्वांच्या विश्रांतीचा दिवस बनला आहे, असे न्यायालयाने म्हटले. नाताळच्या सुट्टीचे समर्थनही साधारणतः याच मार्गाने केले जाते. उगम धार्मिक, पण वर्तमान लौकिक, हे सूत्र येथून पुढे प्रत्येक वादात डोकावते.

याच सूत्राची कसोटी इलिनॉय राज्यात लागली. १९४० च्या दशकाच्या आरंभी तेथील विधिमंडळाने राज्यातील सर्व सार्वजनिक शाळांना गुड फ्रायडेची सुट्टी कायद्याने लागू केली होती. शिकागोतील एका शिक्षिकेने करदाती या नात्याने या कायद्याला आव्हान दिले. १९९५ मध्ये सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, दोन विरुद्ध एक अशा बहुमताने, तो घटनाबाह्य ठरविला.

निवाडा लिहिणारे न्यायमूर्ती रिचर्ड पोझनर यांची विचारसरणी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. नाताळभोवती भेटवस्तू, सजविलेली झाडे, मेजवान्या असा मोठा लौकिक पसारा जमला आहे. गुड फ्रायडेभोवती तसे काहीच जमलेले नाही. येशूच्या क्रूसारोहणाचा हा दिवस श्रद्धावान ख्रिस्ती माणसासाठी गंभीर उपासनेचा असतो. इतरांसाठी तो निव्वळ शुक्रवार. यहुदी वा मुस्लिम मुलाला आपल्या सणासाठी शाळेची परवानगी मागावी लागते आणि बुडालेला अभ्यास भरून काढावा लागतो. ख्रिस्ती मुलाला तसे काहीच करावे लागत नाही. एका धर्माच्या अनुयायांची वाट अशी सोपी करायची असेल, तर शासनाने त्यासाठी लौकिक कारण दाखविले पाहिजे. ते दाखविणे अशक्यही नव्हते. त्या दिवशी बहुसंख्य मुले गैरहजर राहतात आणि रिकामे वर्ग चालविणे हा अपव्यय आहे, असे सिद्ध करता आले असते. पण राज्याने तसा पुरावाच न्यायालयापुढे ठेवला नाही.

माझ्या मते या निवाड्याचे सारे मर्म या शेवटच्या मुद्द्यात आहे. तीच सुट्टी कारण बदलताच वैध ठरू शकते. १९९९ मध्ये हे प्रत्ययासही आले. इंडियाना राज्याने वसंत ऋतूत कर्मचाऱ्यांना मोठी साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे कारण पुढे केले आणि याच अपील न्यायालयाने तेथील गुड फ्रायडेची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी मेरीलँड राज्याचा शाळाविषयक कायदाही दुसऱ्या एका अपील न्यायालयात टिकला. त्या कायद्यात ईस्टरपूर्वीच्या शुक्रवारपासून ईस्टरनंतरच्या सोमवारपर्यंत शाळा बंद ठेवण्याची तरतूद होती, आणि अपेक्षित गैरहजेरी हे तिचे समर्थन होते.

पण गैरहजेरीचा निकष वाटतो तितका निःपक्षपाती नाही. ज्यांची संख्या मोठी, त्यांच्याच सणाला वर्ग ओस पडणार. मेरीलँडमधील माँटगोमेरी परगण्यात १९७० च्या दशकापासून रोश हशाना आणि योम किप्पूर या यहुदी पर्वांनाही याच कारणास्तव शाळा बंद राहत. तेथील मुस्लिम पालकांनी ईदसाठी तशीच मागणी केली, आणि २०१३ च्या बकरी ईदला सर्वच धर्मांच्या मुलांनी गैरहजर राहावे असे आवाहनही केले. संख्या पुरेशी भरली नाही. पुढे २०१४ मध्ये शाळा मंडळाने सात विरुद्ध एक मतांनी एक चमत्कारिक तोड काढली : वेळापत्रकातून सर्व धार्मिक सणांची नावेच वगळण्यात आली. ख्रिस्ती आणि यहुदी सणांच्या सुट्ट्या होत्या तशाच राहिल्या. मुस्लिम पालकांनी आपल्या सणाचे नाव यादीत यावे म्हणून अर्ज केला होता; त्यांच्या पदरात एवढेच पडले की इतरांचीही नावे गेली.

इलिनॉयच्या खटल्याच्या काळी न्यायालये कायद्याचा हेतू, त्याचा परिणाम आणि शासन व धर्म यांची गुंतागुंत अशी त्रिविध कसोटी लावीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती बाजूला सारून इतिहास व परंपरा यांवर भर दिला. परंपरेकडे पाहायचे, तर पुन्हा जुन्या आणि मोठ्या समाजाचे पारडे जड होते, हे सांगावयास नकोच.

न्यूयॉर्क शहराने मात्र यादी वाढविण्याचा मार्ग पत्करला. तेथे २०१५ पासून दोन्ही ईदना शाळा बंद राहू लागल्या आणि २०२३ मध्ये राज्याने दिवाळीच्या सुट्टीचा कायदा केला. त्या राज्यात अध्यापनाचे किमान १८० दिवस भरावे लागतात; म्हणजे वाढलेला प्रत्येक सण शाळेच्या दिवसांतूनच वजा होतो. शिवाय हा कायदा सणाचे नाव घेऊन केलेला आहे, तेव्हा इलिनॉयला विचारलेला प्रश्न त्यालाही विचारता येईल.

मराठी वाचकाचे लक्ष मात्र आणखी एका तपशिलाकडे जाईल. कायद्यात दिवाळीची व्याख्या भारतीय पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पंधरावा दिवस अशी केली आहे. ही उत्तरेकडील पौर्णिमान्त गणना झाली. आपल्या अमान्त पंचांगाप्रमाणे ती सातव्या महिन्याची, म्हणजे आश्विनाची, अमावास्या. १ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या शाळा दिवाळीसाठी प्रथमच बंद राहिल्या; त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला करावे की १ नोव्हेंबरला, यावर खुद्द भारतातील पंचांगकर्त्यांचे एकमत नव्हते.