बदललेला खाते क्रमांक

माहितीची सुरक्षा म्हणजे तीन गोष्टींची जपणूक होय: माहिती परक्या हाती न पडणे ही गोपनीयता, ती कोणी परस्पर न बदलणे ही अखंडता आणि गरजेच्या वेळी ती हाताशी असणे ही उपलब्धता. प्रबोधन मात्र ओटीपी सांगू नका, पासवर्ड जपा, एवढ्यावरच संपते, आणि अखंडता ढळल्यामुळे झालेले नुकसान ज्याचे पैसे गेले त्याच्याच माथी मारले जाते.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यांतील बहुतांश रक्कम काढताना एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उत्तरे देत होती. कोळगाव येथील एका लघुउद्योगाची फसवणूक याच, म्हणजे अखंडता ढळण्याच्या, जातीची होती. पुरवठादाराच्या मेलबॉक्समध्ये शिरलेल्या भामट्याने खऱ्या बिलावरील खाते क्रमांक तेवढा बदलून ते बिल नेहमीच्याच पत्त्यावरून धाडले, आणि रक्कम आरटीजीएसने रवाना झाली. पुरवठादाराचा वसुलीचा फोन आल्यावर दोन्ही बिले शेजारी ठेवली गेली, तेव्हा माल, दर, जीएसटी, शिक्का, सही सारे तंतोतंत जुळत होते. फक्त खात्याचे आकडे वेगळे होते. मेलबॉक्स उघडा पडल्याचे पुरवठादाराने फोनवर कबूल केले, पण लेखी देण्याचे साफ नाकारले, खात्री करणे हे तुमचेच काम होते असे सुनावले आणि पूर्ण रक्कम पुन्हा मागून माल रोखून धरला. ज्याचे कुलूप तुटले त्यानेच शेजाऱ्याकडून भरपाई मागावी, असा हा न्याय होता.

आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते, लिहिलेले नाव जुळवले जात नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. लाभार्थ्याचे नाव आधी दाखवण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. ती वापरल्याशिवाय नव्या खात्यात पैसे पाठवू नयेत. खाते बदलल्याची सूचना आल्यास मेलमधील नव्हे, तर जुन्या छापील बिलावरील क्रमांकावर फोन करावा. फसवणूक कळताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढे सरकण्याआधीच गोठवता येते, आणि बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. पासवर्ड वेळोवेळी बदलावेत, दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी. खात्यातील बदल सहीशिक्क्याच्या पत्राशिवाय ग्राह्य नाही आणि आपल्या मेलबॉक्सची जबाबदारी ज्याची त्याची, ही अट खरेदी आदेशातच घालावी. ती नाकारणाऱ्या पुरवठादाराकडून, तो कितीही जुना असला तरी, माल घेऊ नये.