बार्बेक्यू सॉसमधली साखर

घरी केलेला बार्बेक्यू सॉस आपोआप पथ्याचा होतो, ही समजूत आधी बाजूला ठेवू. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागातला सॉस म्हणजे व्हिनेगर आणि मिरचीचे पातळ पाणी. पण बाटलीतून सगळीकडे पोचला तो कॅन्सस सिटीच्या पद्धतीचा, टोमॅटो आणि मोलॅसिसचा दाट, गोड सॉस. तशा बाटलीतल्या दोन मोठ्या चमच्यांत बहुधा 12 ते 16 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर शक्यतो रोजच्या ऊर्जेच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवा. 2000 कॅलरींच्या आहारात हे साधारण 25 ग्रॅम होतात. म्हणजे एका तोंडीलावण्यात दिवसाचा अर्धा वाटा संपतो, आणि जिभेला ते कळतही नाही. कारण आंबट आणि गोड एकमेकांना दाबतात. व्हिनेगर वाढले की साखर कमी वाटते, साखर वाढवली की पुन्हा आंबट हवेसे वाटते. घरातही चव घेत घेत आपण याच चढाओढीत सापडतो.

म्हणून दोन्ही एकदमच कमी करा. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, एक कांदा आणि लसणाच्या चार पाकळ्या थोड्या तेलावर परता, मऊ शिजवा, वाटा आणि स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर वाटीभर उरेपर्यंत आटवा. कांद्याची स्वतःची गोडी इथेच उतरते; ही पायरी घाईने उरकू नका. मग दोन मोठे चमचे गूळ, अर्धा चहाचा चमचा मीठ, लाल तिखट, मिरपूड आणि अगदी शेवटी, थेंबाथेंबाने, एक-दोन मोठे चमचे व्हिनेगर. दोन चमच्यांच्या वाढणीत गुळाचे तीन-चार ग्रॅम येतील.

‘गूळ तर नैसर्गिक आहे,’ असे मधुमेही हमखास म्हणतात. रक्तातल्या साखरेला हा भेद कळत नाही. गूळ, मध, मोलॅसिस सगळे त्याच हिशेबात धरा. ‘सॉस खातो तरी किती?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. महिन्यातून एकदा खाणाऱ्याने बाटली खुशाल आणावी. पण मुले रोज पोळीबरोबरही तोच मागत असतील, तर मोजायलाच हवे. साखर आणि व्हिनेगर कमी असल्याने हा सॉस टिकत नाही, हेही खरे. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, त्यापुढचा बर्फाच्या साच्यात गोठवा. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना कमी व्हिनेगरही बाधू शकते. त्यांनी बेतानेच घ्यावा.

सॉस ग्रिलवर सुरुवातीपासून लावू नका. साखर करपते, आणि थेट ज्वाळेवर करपलेल्या मांसात कर्करोगाशी संबंध जोडला जातो अशी रसायने तयार होतात. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत लावा, काळा पडलेला भाग कापून टाका आणि कच्च्या चिकनला लागलेला ब्रश उरलेल्या सॉसमध्ये बुडवू नका.