भेंडीचा वाण दोन्ही हंगामांत पारखून घ्या

उन्हाळ्यात ज्या संकरित भेंडीने आमच्या घरात चांगला पैसा आणला, तिनेच पावसाळ्यात अर्ध्या तोड्यांवर अंग टाकलं. दुकानदाराने ‘बारमाही चालतो’ म्हणून दिलेला वाण. जानेवारीअखेर टोकलेली झाडं बुटकी राहिली, पेरं आखूड आणि पेरागणिक शेंग. तेच बियाणं जूनमध्ये लावलं, तर झाड डोक्याच्या वर गेलं, पेरं लांबली, पाला माजला. त्यात केवडा रोग आला. शेंड्याकडच्या कोवळ्या पानांच्या शिरा आधी पिवळ्या पडतात, मधली जागा हिरवीच राहते. उन्हाकडे धरलं की पिवळी जाळी स्पष्ट दिसते. पुढे सगळं पान पिवळं होतं, शेंग पांढुरकी आणि राठ निघते. आडतीवर त्या मालाला कुणी विचारत नाही.

केवड्याचा विषाणू पांढऱ्या माशीतून पसरतो आणि लागण झालेलं झाड कुठल्याही फवारणीने बरं होत नाही. ते दिसताक्षणी उपटायचं आणि माशी आटोक्यात ठेवायची, एवढंच हातात उरतं. म्हणून खरिपासाठी वाण निवडताना मी उत्पन्नाच्या आकड्याआधी रोग सोसण्याची ताकद विचारतो.

तीही कायमची नसते, हे मात्र ध्यानात घ्या. दिल्लीच्या पुसा सावनीचं एके काळी याच गुणासाठी नाव होतं. पुढे ती केवड्याला सर्रास बळी पडू लागली. मग तिचा रानटी भेंडीशी संकर करून मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी क्रांती काढली. ती १९८० च्या दशकातली. आता तिच्यातही ठिकठिकाणी पिवळी झाडं दिसतात. तेव्हा वडिलांच्या वेळचा अनुभव आजच्या बियाण्याला लावू नका. गेल्या पावसाळ्यात तुमच्याच शिवारात काय टिकलं, ते शेजाऱ्यांच्या बांधावर जाऊन बघा.

नवा वाण घ्यायचा तर आधी चार ओळी लावा, तुमच्या नेहमीच्या वाणाशेजारी, एकाच दिवशी. एक वाण विहिरीकडच्या कसदार तुकड्यात आणि दुसरा खडकाळ कडेला, अशी तुलना काही कामाची नाही. ओळी आलटून पालटून घ्या, दोन्ही टोकांना. अंतर मात्र हंगामाप्रमाणे बदला: पावसाळ्यात झाड पसरतं, त्याला मोकळी जागा द्या, उन्हाळ्यात दाट चालतं. कडाक्याच्या थंडीत टोकण केलीत तर उगवणच रेंगाळते, त्याचा दोष वाणाला देऊ नका.

वजन दर तोड्याला वेगळं लिहा, आणि विकाऊ माल व टाकाऊ माल वेगवेगळा. लवकर येणारा वाण पहिल्या तोड्यांत पुढे दिसतो, पुढे थकतो. नुसत्या एकूण बेरजेत हे झाकून जातं. एक दिवसाआड तोडणी दोन्हींची सारखीच व्हायला हवी, कारण शेंग झाडावर जून झाली की पुढची फुलं कमी लागतात आणि चांगला वाणही कमी उत्पन्नाचा ठरतो. तोडणाऱ्या बायकांनाही विचारा. कोणत्या वाणाची लव जास्त खाजवते, कोणती शेंग देठाशी सहज तुटते, हे त्यांच्या बोटांना माहीत असतं, आणि मजुरीचा हिशेब शेवटी त्यावरच येतो.